नॅनो बुरशीनाशक जेल: नळीवरचा दावा आणि आतला माल

नॅनो जेलमध्ये औषध अतिसूक्ष्म कणांत किंवा पुटिकांत, म्हणजे इवल्या पिशव्यांत, भरलेलं असतं; हे त्याचे वाहक. गजकर्णावरच्या अशा जेलची जाहिरात बहुतेक वेळा एकाच वाक्यावर उभी असते: ‘औषध त्वचेत खोलवर पोचवतं.’ हे वाक्य वाचूनच शंका यायला हवी. गजकर्ण, जांघेतला नायटा, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या या सगळ्यांची बुरशी केराटिन या प्रथिनावर जगते आणि केराटिनचा साठा असतो त्वचेच्या अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात. अंगावर बहुतेक ठिकाणी हा थर १० ते २० मायक्रॉन जाड असतो. तळहात-तळपायांवर त्याच्या कितीतरी पट. बुरशी तिथेच पसरते, फार तर केसाच्या मुळाशी उतरते. हा थर ओलांडून रक्तात गेलेलं औषध या रोगाच्या दृष्टीने वाया गेलं.

त्यामुळे अशा जेलला पारखायचं ते एका प्रश्नावर: वरच्या थरात औषध साठतं किती आणि टिकतं किती काळ? कणांचा आकार, गोड नाव, नळीवरचं पुटिकेचं निळं चित्र हे सगळं त्यानंतर.

कुठल्या औषधाला वाहक लागतो

वरच्या थराची रचना नेहमी भिंतीच्या उपमेने सांगतात: चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे चुना. ही चरबी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांची असते. तिच्यातून वाट काढायची तर रेणू लहान हवा आणि थोडा तेलप्रेमीही हवा. बॉस आणि मायनार्डी यांनी २००० मध्ये मांडलेला ढोबळ नियम असा की रेणूभार ५०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) वर गेला की त्वचेतून शिरकाव झपाट्याने कमी होतो.

आता बुरशीनाशक औषधं या नियमाला लावून पाहा. टर्बिनाफिन २९१, क्लोट्रिमॅझोल ३४५, ल्युलिकोनाझोल ३५४. ही तिन्ही आरामात आत बसतात. केटोकोनाझोल ५३१, म्हणजे उंबऱ्यावर. इट्राकोनाझोल ७०६ आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी ९२४, ही दोन्ही स्पष्टपणे बाहेर.

बाजारातला गोंधळ इथूनच सुरू होतो. नॅनोचा शिक्का सर्रास लागतो तो ल्युलिकोनाझोल आणि टर्बिनाफिनवर, म्हणजे ज्यांना त्याची गरज सगळ्यात कमी त्यांच्यावर. ही दोन्ही औषधं वरच्या थरात स्वतःच टिकून राहतात. टर्बिनाफिनचं साधं १ टक्का क्रीम बंद केल्यावरही औषध वरच्या थरात काही दिवस परिणामकारक प्रमाणात राहतं. ल्युलिकोनाझोलच्या साध्या १ टक्का क्रीमची अमेरिकेतली मान्य मात्रा अंग आणि जांघेसाठी दिवसातून एकदा १ आठवडा आणि बेचक्यांसाठी २ आठवडे इतकी थोडी आहे. इतकं चांगलं चालणाऱ्या क्रीममध्ये सुधारणेला जागा उरते ती किती? चिकटपणा कमी करणं, कपड्याला डाग न पडणं, केसाळ भागावर नीट पसरणं. या सोयी खऱ्या आहेत, पण त्या साध्या जेलनेही मिळतात.

अ‍ॅम्फोटेरिसिन बीचं तसं नाही. ते पाण्यात विरघळत नाही, तेलातही धड विरघळत नाही, रेणू अवाढव्य, आणि उजेडात बिघडतं. लिपिडच्या, म्हणजे चरबीच्या, पुटिकेत बसवल्याशिवाय त्वचेवर त्याचं काही चालेल अशी आशा धरणं कठीण. त्यामुळे ०.१ टक्क्याचं लिपिड जेल हा या सगळ्या गर्दीतला सर्वात पटणारा माल आहे. त्याच्या खालोखाल केटोकोनाझोल आणि इट्राकोनाझोल.

ही कल्पना तशी नवीन नाही. इकोनाझोलचं १ टक्का लायपोसोम (लिपिडच्या पुटिकांचं) जेल स्वित्झर्लंडमध्ये १९८८ च्या सुमारास बाजारात आलं. त्वचेवर लावायच्या लायपोसोम औषधांत ते पहिलं मानलं जातं. एवढ्या काळानंतरही साधी क्रीमं हटलेली नाहीत, हे नळी उचलताना ध्यानात असू द्यावं.

नखांसाठी म्हणून नॅनो जेल विकत असतील तर आणखी सावध व्हा. नख त्वचेसारखं तेलकट अडथळा नसतं. ते पाणी धरणाऱ्या घट्ट जाळ्यासारखं वागतं, त्यामुळे लिपिडच्या पुटिकांचा तिथे मोठा उपयोग दिसत नाही. नखावर लावायच्या औषधांत अलीकडे जी प्रगती झाली ती रेणू बदलून झाली. टॅव्हाबोरोल हा जेमतेम १५२ डाल्टनचा रेणू, तर १० टक्के इफिनाकोनाझोल केराटिनला कमी चिकटत असल्याने नखातून पुढे सरकतं. दोन्हींना २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि दोन्ही साधी द्रावणं आहेत. त्यातही इफिनाकोनाझोल ४८ आठवडे रोज लावून पूर्ण बरं होण्याचं प्रमाण दोन चाचण्यांत १७.८ आणि १५.२ टक्के इतकंच आलं. नखाला काही आठवड्यांत बरं करण्याचं वचन कुठल्याही जेलवर दिसलं तर नळी परत ठेवावी.

नावं वेगळी, वागणंही वेगळं

साधे लायपोसोम म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलिन हे फॉस्फोलिपिड (फॉस्फरस असलेली चरबी) आणि कोलेस्टेरॉल यांच्या पुटिका. त्या बहुतांशी पृष्ठभागाजवळच राहतात, फुटतात, त्यांची चरबी वरच्या थराच्या चरबीत मिसळते आणि औषध तिथे साठतं. जाहिरातीच्या भाषेत हे ‘कमी प्रगत’. गजकर्णाच्या दृष्टीने मात्र हेच हवं असतं. आमच्या मते या यादीतला सर्वात कमी दाद मिळालेला प्रकार हाच.

ट्रान्सफरसोम ग्रेगोर त्सेव्त्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणले. लिपिडमध्ये ट्वीन ८० किंवा सोडियम कोलेटसारखा पृष्ठसक्रिय (साबणासारखा) पदार्थ घालून पुटिकेची भिंत लवचिक करतात. वजनात ८५ ला १५ हे नेहमीचं प्रमाण. वरची त्वचा कोरडी, खालची ओली, या पाण्याच्या फरकाने पुटिका आत ओढली जाते असा त्यामागचा विचार. अखंड पुटिका पलीकडे जाते का यावर अजून एकमत नाही, पण या विचाराचा वापराशी थेट संबंध आहे: वर पट्टी बांधली, प्लास्टिक गुंडाळलं किंवा ओल्या अंगावर लावलं की तो फरकच नाहीसा होतो. ट्रान्सफरसोम जेल उघड्या, कोरड्या त्वचेवर लावायचं असतं. नळीबरोबरच्या कागदावर हे लिहिलेलं नसेल, तर लिहिणाऱ्याला स्वतःचा माल कळलेला नाही.

इथोसोममध्ये २० ते ४५ टक्के इथेनॉल असतं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या एल्का तुइतू यांचं हे काम. इथेनॉल वरच्या थरातली चरबी सैल करतं आणि पुटिकाही मऊ ठेवतं. परिणाम चांगला, पण भेगाळलेल्या बेचक्यात किंवा खाजवून सोललेल्या जांघेत लावलं की झोंबतं, आणि झोंबलं की माणूस दुसऱ्या दिवशी लावत नाही. झाकण उघडं राहिलं तर इथेनॉल उडून जातं आणि जेलचं गणित बदलतं. शिवाय ते पेट घेतं. लावल्यावर पूर्ण वाळेपर्यंत शेगडी आणि काडेपेटीपासून लांब राहावं.

निओसोममध्ये फॉस्फोलिपिडऐवजी स्पॅन ६० सारखा आयनविरहित पृष्ठसक्रिय पदार्थ आणि कोलेस्टेरॉल असतं. ऑक्सिडेशनची कटकट कमी, कच्चा माल स्वस्त, टिकाऊपणा बरा. दिमाख नाही, पण प्रामाणिक माल.

घन लिपिड कण आणि त्यांची सुधारित आवृत्ती, नॅनोसंरचित लिपिड वाहक, त्वचेवर बारीक पापुद्रा धरतात. त्याने पाणी अडतं, वरचा थर फुगतो आणि औषध आत सरकतं. कोरड्या, खवले सुटणाऱ्या चट्ट्यावर किंवा तळपायाच्या जाड कातडीवर हे छान काम करतं. घामट जांघेत आणि बेचक्यात मात्र ओलावा अडवणं हे बुरशीला खतपाणीच. एकच जेल ‘सर्व भागांसाठी’ असं छापलेलं असतं तेव्हा हा फरक कुणी विचारात घेतलेला नसतो.

नॅनोइमल्शन आणि मायक्रोइमल्शन, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब असलेलं जेल, बनवायला सोपं, दिसायला पारदर्शक. पण मायक्रोइमल्शनला भरपूर पृष्ठसक्रिय पदार्थ लागतो आणि सोबत बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल. आठवडा-दोन आठवडे रोज लावायच्या औषधात हे त्वचेला चुरचुरवतं. चट्टा जाऊन त्याजागी लाली आणि खाज राहिली की रुग्ण म्हणतो बुरशी परत आली. कित्येकदा ती जेलची चिडचिड असते.

१ टक्क्याचा हिशोब

नळीवर ‘ल्युलिकोनाझोल १ टक्का, लायपोसोमल’ असं लिहिलंय. म्हणजे १०० ग्रॅम जेलमध्ये १ ग्रॅम औषध. पुटिकेत औषध आणि लिपिडचं वजनी प्रमाण साधारण १ ला १० धरलं, तर १ ग्रॅम औषधाला १० ग्रॅम लिपिड हवं. १० टक्के फॉस्फोलिपिड असलेलं जेल पारदर्शक नसतं. ते दाट, पिवळसर आणि स्पर्शाला तुपकट लागतं. काचेसारख्या नितळ जेलवर ‘१ टक्का लायपोसोमल’ असेल तर बरंचसं औषध पुटिकांच्या बाहेर आहे, सहविद्रावकात (पाण्याच्या जोडीला घातलेल्या द्रावकात) विरघळलेलं आहे, असं मानायला जागा आहे. ते जेल वाईट असेलच असं नाही. पण मग ते साधं जेल आहे, लायपोसोमचं नाव मिरवणारं.

हाच हिशोब अ‍ॅम्फोटेरिसिनच्या ०.१ टक्के जेलला लावला तर १ टक्का लिपिड पुरतं. म्हणून तिथे दावा आणि माल जुळू शकतो.

नॅनो या शब्दाची व्याख्याही सैल आहे. १ ते १०० नॅनोमीटर ही सर्वसाधारण मर्यादा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची २०२२ ची मार्गदर्शिका मात्र आकारामुळे गुणधर्म बदलत असतील तर १००० नॅनोमीटरपर्यंतचे पदार्थही विचारात घेते. १५० ते ३०० नॅनोमीटरच्या पुटिका म्हणूनच नॅनोत मोडतात. लहान म्हणजे चांगलं असंही नाही. केसाच्या मुळाशी औषध साठवायचं असेल तर काहीशे नॅनोमीटरचे कण अगदी बारीक कणांपेक्षा जास्त खोल उतरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. चाळीस नॅनोमीटरचा डंका पिटणारी कंपनी नेमकं काय सुधारतेय हे तिला विचारावं.

बनवताना बिघडतं ते इथे

पुटिका बनवायच्या पातळ पापुद्र्याच्या पद्धतीत लिपिड, पृष्ठसक्रिय पदार्थ आणि औषध क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या २ ला १ मिश्रणात विरघळवतात, रोटरी बाष्पीभवकात गोल फ्लास्कच्या भिंतीवर पापुद्रा धरवतात, निर्वातात उरलेला द्रावक काढतात आणि मग बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून तासभर फिरवतात. पाणी घालताना तापमान लिपिडच्या संक्रमण तापमानाच्या (ज्याला ते मऊ होतं) वर हवं: सोया फॉस्फॅटिडिलकोलिनला खोलीचं तापमान चालतं, डीपीपीसी या दुसऱ्या फॉस्फोलिपिडला ४१ अंशांच्या वर जावं लागतं. हे पाळलं नाही तर पापुद्रा चिंध्यांसारखा सुटतो आणि आकार कधीच एकसारखा होत नाही. नंतर बर्फात ठेवून प्रोब सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पुटिका बारीक करणं), थांबत थांबत. सलग चालवलं तर लिपिड तापतं आणि प्रोबमधून टायटॅनियमचे कण पडतात. ते फिरकीत (सेंट्रिफ्यूजमध्ये) काढून टाकावे लागतात. शेवटी २०० किंवा १०० नॅनोमीटरच्या पडद्यातून दाबून काढणं. उरलेल्या द्रावकाची मर्यादा कडक आहे: क्लोरोफॉर्म ६० भाग प्रति दशलक्ष, मिथेनॉल ३०००. प्रयोगशाळेतल्या पन्नास मिलिलिटरला हे सहज जमतं, पन्नास किलोला घाम फुटतो.

घन लिपिड कणांत वेगळी पंचाईत. कॉम्प्रिटॉलसारखं लिपिड वितळबिंदूच्या ५ ते १० अंश वर वितळवून, त्याच तापमानाच्या पृष्ठसक्रिय द्रावणात फेटून, ५०० बारच्या आसपास दाबाने दोन-तीन फेऱ्या दिल्या की कण होतात. फेऱ्या वाढवल्या म्हणून कण लहानच होत जातात असं नाही. जादा ऊर्जेने ते आदळून चिकटायला लागतात. गार झाल्यावर लिपिडचे स्फटिक आठवड्यागणिक अधिक नीटनेटके होत जातात आणि औषधाला बाहेर ढकलतात. ताज्या नमुन्यात सगळं आत, तीन महिन्यांनी जेलमध्ये रवाळ कण. द्रव तेल मिसळलेला नॅनोसंरचित वाहक याच दुखण्यावर निघाला: स्फटिकांत जितकी अव्यवस्था, तितकी औषधाला जागा.

खरा घोळ मात्र जेलमध्ये मिसळताना होतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. कार्बोपोल ९४० सारखा कार्बोमर (पाणी घट्ट करणारा पदार्थ) ०.५ ते १ टक्का घेतात. तो पाण्यावर चाळणीने भुरभुरून रात्रभर फुगू द्यायचा. घाई केली की माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी राहतात. पुटिकांचं द्रावण आणि जेल समसमान मिसळायचं असेल तर जेल दुप्पट तीव्रतेचं करून ठेवावं लागतं, नाहीतर शेवटी हातात सरबत येतं. ट्रायइथेनॉलअमाइनने पीएच ६ ते ६.५ पर्यंत आणायचा, थेंबाथेंबाने. या पीएचला कार्बोमर घट्ट होतो आणि फॉस्फोलिपिडचं जलविघटनही ६.५ च्या आसपास सर्वात मंद असतं, म्हणून हा आकडा निवडायचा. ढवळणं सावकाश, जहाजाच्या नांगराच्या आकाराच्या पात्याने. हवा एकदा शिरली की ती निर्वाताशिवाय निघत नाही, आणि लिपिडला तीच हवा खवट करते. म्हणून टोकोफेरॉलसारखा प्रतिऑक्सिडंट हवाच.

आता सापळा. कार्बोमर ऋणभारित असतो. टर्बिनाफिन हायड्रोक्लोराइड धनभारित क्षार आहे. दोघं भेटले की जेल पातळ होतं किंवा दही फुटल्यागत गुठळ्या येतात. फॉस्फेट बफर आणि सलाइनमधले क्षारही कार्बोमरची घट्टी उतरवतात, आणि पुटिका बनवताना नेमका तोच बफर वापरलेला असतो. अशा वेळी घट्ट करायला एचपीएमसी २ ते ४ टक्के किंवा पोलोक्झामर ४०७ साधारण १८ ते २० टक्के घ्यावा. पोलोक्झामर गार पाण्यात, ४ अंशांना, रात्रभर विरघळवतात. तो थंडीत पातळ आणि अंगाच्या उबेत घट्ट होतो. पण तो स्वतः पृष्ठसक्रिय असल्याने नाजूक पुटिका सैल करू शकतो. म्हणून मिसळल्यानंतर पुटिका शाबूत आहेत का हे पुन्हा तपासावं लागतं.

अहवालातले आकडे वाचताना

माहितीपत्रकात ‘बंदिस्तता ९५ टक्के’ असं असतं, म्हणजे इतकं औषध पुटिकांच्या आत. जोराने फिरकी देऊन तळाशी बसलेला गाळ म्हणजे पुटिका, वर उरलेलं म्हणजे मोकळं औषध, अशी ती मोजतात. पण पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाचं मोकळं औषधही स्फटिक होऊन तळाशीच बसतं. मग आकडा फुगतो. आधी मंद फिरकीने स्फटिक वेगळे केले का, किंवा सेफाडेक्सच्या (आकारानुसार वेगळं करणाऱ्या मण्यांच्या) स्तंभातून पुटिका वेगळ्या केल्या का, ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं का, हे विचारावं. उत्तर नसेल तर ९५ ला काही अर्थ नाही.

कणांचा आकार आणि विविधता निर्देशांक (आकार किती कमीजास्त आहेत ते) मोजतात ते पाण्यात पातळ केलेल्या द्रावणात. निर्देशांक ०.३ च्या खाली असणं बरं, पण तो जेलमध्ये मिसळण्यापूर्वीचा की नंतरचा, पहिल्या दिवसाचा की सहा महिन्यांनंतरचा? ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ठेवलेल्या नमुन्यांत फक्त औषधाचं प्रमाण तपासून ‘स्थिर’ म्हणतात. औषध १०० टक्के शाबूत आणि पुटिका एकही नाही, असंही होऊ शकतं.

फ्रान्झ सेल म्हणजे मध्ये पडदा किंवा कातडी बसवलेलं दोन कप्प्यांचं पात्र; त्याचा आलेख सर्वात देखणा असतो. त्यात चार गोष्टी पाहाव्यात. पडदा कुठला: डायलिसिसचा पडदा असेल तर तो फक्त जेलमधून औषध सुटणं दाखवतो, त्वचेबद्दल काही सांगत नाही; उंदराची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा बरीच झिरपती. मात्रा किती: प्रत्यक्षात आपण दर चौरस सेंटीमीटरला काही मिलिग्रॅम लावतो, प्रयोगात थापतात त्याच्या कितीतरी पट. खालच्या कप्प्यात काय: जास्त अल्कोहोल असेल तर ते कातडीच ढिली करतं. आणि तुलना कोणाशी. औषध पाण्यात नुसतं कालवून केलेल्या मिश्रणाशी तुलना करून ‘पाचपट’ म्हणणं म्हणजे लंगड्याशी शर्यत लावणं. तुलना बाजारातल्या चांगल्या १ टक्का क्रीमशी हवी, आणि इथोसोम असेल तर तेवढंच इथेनॉल असलेल्या साध्या द्रावणाशीसुद्धा.

त्यातही बहुतेक आलेख दाखवतात खालच्या कप्प्यात उतरलेलं औषध. गजकर्णाला हवा तो आकडा वेगळा: चिकटपट्टीने एकेक पापुद्रा उचलून वरच्या थरात सापडलेलं औषध. एखाद्या जेलचा पारगमनाचा (पलीकडे गेलेल्या औषधाचा) आकडा मध्यम आणि साठ्याचा आकडा मोठा असेल तर तेच जेल घ्यावं.

आगरच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) ताटलीत बुरशी वाढू न दिलेल्या गोलाचा फोटोही हमखास असतो. तो गोल औषध आगरमध्ये किती पसरतं हे सांगतो, आणि इथेनॉल तर एकटंही गोल पाडतं. आगरला त्वचेचा वरचा थर नसतो.

एक मुद्दा आणखी. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या २०२० मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नोंदलेल्या बुरशीत स्क्वालीन इपॉक्सिडेज (टर्बिनाफिन ज्या विकराला अडवतं ते) जनुकातल्या बदलांमुळे टर्बिनाफिनला प्रतिकार आढळतो. वाहक बदलला म्हणून ते लक्ष्य बदलत नाही. तिथे नॅनो टर्बिनाफिनवर पैसे घालण्यापेक्षा चट्ट्याच्या कडेचे खवले पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तपासून घेणं, शक्य असेल तिथे बुरशी वाढवून बघणं आणि दुसऱ्या गटातलं औषध विचारणं शहाणपणाचं. अंगभर पसरलेल्या, केसांच्या मुळांत शिरलेल्या किंवा टाळूच्या गजकर्णाला पोटातून औषध लागतं, जेल कितीही भारी असलं तरी. आणि नळीवर बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं काही दिसलं तर ती नळी, नॅनो असो वा नसो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये: स्टेरॉइडने खाज थांबते, चट्ट्याची कड पुसट होते आणि बुरशी मोकळी पसरते.

लावणं आणि सांभाळणं

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली रेघ म्हणजे मोठ्या माणसासाठी साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन पंजांएवढ्या भागाला पुरते. जेल सहज पसरतं म्हणून लोक कमी लावतात, हा जेलचा छुपा तोटा. चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटीमीटरपर्यंत लावावं, कारण वाढती बुरशी कडेला असते. बाहेरून आत लावत यावं. आंघोळीनंतर अंग, विशेषतः बेचके, पूर्ण कोरडे करून थोडं थांबावं. लावल्यावर वाळू द्यावं, मग कपडे. मॉइश्चरायझर किंवा पावडर लगेच वर फासू नये. पुटिका पातळ होतात किंवा पावडर जेल शोषून घेते. कोर्स चट्टा दिसेनासा झाला म्हणून सोडू नये, सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. डॉक्टर बहुधा चट्टा गेल्यावरही काही दिवस चालू ठेवायला सांगतात.

साठवण हा या प्रकारचा सर्वात कच्चा दुवा आहे. साधं क्रीम बऱ्याच हेळसांडीला पुरून उरतं, पुटिका नाही. गोठल्या की बर्फाचे स्फटिक त्यांना फोडतात, म्हणून फ्रीजरमध्ये कधीच नाही, आणि फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकूनही नाही. उन्हातल्या गाडीत राहिलेल्या नळीतलं फॉस्फोलिपिड विघटित होतं आणि खवट होतं. अ‍ॅल्युमिनियमची नळी प्लास्टिकच्या डबीपेक्षा चांगली: हवा आणि उजेड दोन्ही अडतात, आणि बोट आत जात नाही.

बिघाड ओळखायला यंत्र लागत नाही. थोडं जेल दोन बोटांत चोळावं. रवाळ लागलं तर औषधाचे स्फटिक पडलेत. नळी दाबल्यावर आधी पाणी आणि मग जेल आलं तर जेल सुटलंय. रंग पिवळ्याकडून तपकिरीकडे गेला किंवा जुन्या तेलाचा वास आला तर लिपिड खवट झालंय. पूर्वीपेक्षा पातळ झालं असेल तर कार्बोमर कोसळलाय. सुटलेलं जेल चमच्याने घोटून पुन्हा एकजीव दिसतं, पण फुटलेल्या पुटिका त्याने जुळत नाहीत. अशी नळी मुदत शिल्लक असली तरी टाकून द्यावी.